खालाची कोरफड

झाडाला पाणी घालू नकोस, असं मला उभ्या आयुष्यात एकाच बाईनं सांगितलं, आणि तिचंच मी ऐकलं नाही. ही बाई म्हणजे आमची घरमालकीण, खाला. शहागंजच्या मागच्या गल्लीत तिचं जुनं दोन मजली घर होतं. खाली ती एकटी राहायची आणि वर दोन खोल्यांत आम्ही तिघं, अण्णा, आई आणि मी. खाला शिवणकाम करायची. शरारे, कुर्ते, बुरखे आणि आमच्याकडच्या बायकांची पोलकी, सगळं एकाच मशीनवर. त्या मशीनचा खडखडाट आमच्या जमिनीतून सकाळी नऊला सुरू व्हायचा. तो थांबला की आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "खाला च्याला उठली." आणि खरंच, दोन मिनिटांत खालून आल्याच्या चहाचा वास यायचा. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते अण्णांच्या मनगटावर कचेरीत जायचं. त्यामुळं दिवसभर आम्ही खालाच्या मशीनवरच वेळ बघायचो.

आई देवगाव रंगारीची. तिच्या माहेरी विहीर उन्हाळ्यात तळाला जायची, आणि लहानपणी तिनं मैल मैल पाणी वाहिलेलं. त्यामुळं पाणी देणं हे तिच्या लेखी सगळ्यात मोठं पुण्य. दारात कोणी आलं की आधी तांब्या, मग "या, बसा". पोस्टमन, बोहारीण, वसुलीवाला, सगळ्यांना पाणी. मला ताप आला की डॉक्टरच्या आधी पाणी, आणि रडू आलं की रडू थांबायच्या आधी पाणी. अण्णा म्हणायचे, "तुझी आई एखाद दिवशी मारुतीच्या शेपटीलाही पाणी पाजेल." आई म्हणायची, "पाजीन. त्यानं तर लंका जाळली, तहान लागली आसंल त्याला."

अण्णा तहसील कचेरीत कारकून होते. त्यांची सगळी शाळा निजामाच्या राज्यात झाली, म्हणजे उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर कचेरीचा कारभार मराठीत आला, तेव्हा या मराठी माणसाला नोकरी टिकवायला मराठी लिहिणं पहिल्यापासून शिकावं लागलं. मोडी वळणाची, तिरकी, जराशी बुजलेली अशी त्यांची मराठी अक्षरं होती. उर्दू लिहायला बसले की मात्र टाक असा पळायचा की बघत राहावं. स्वभावानं सरळ, नको इतके सरळ. एकदा मामेबहिणीच्या लग्नासाठी मी शाळा बुडवली, तेव्हा आईनं लाख सांगितलं की चिठ्ठीत 'ताप होता' लिहा. अण्णांनी लिहिलं, 'मुलगी लग्नात जेवायला गेली होती, सबब गैरहजर.' बाईंनी ती चिठ्ठी वर्गात मोठ्यानं वाचली. पुढं वर्षभर मला सगळ्या पोरी 'जेवणवाली' म्हणत होत्या, आणि अण्णांना त्याचं काडीचं वाईट वाटलं नव्हतं.

आता कोरफडीकडं येते. खाला तिला घीकवार म्हणायची. तिच्या आतल्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर, कान तुटलेल्या चिनी मातीच्या बरणीत ती कोरफड असायची. आठ-दहा मांसल पानं, कडेला बारीक दात आणि अंगावर पांढुरके ठिपके. खालाच्या एकुलत्या एका लेकीनं, नसरीनआपानं, लग्न होऊन हैदराबादला जायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं ती लावली होती. "अम्मी, मैं जारी. अब इसकू देखना," म्हणाली होती. लग्नानंतर नसरीनआपाची दोन बाळं पोटातच गेली. तेव्हापासून खाला रोज सकाळी मशीनवर बसायच्या आधी एका मऊ फडक्यानं कोरफडीची पानं एक एक करून पुसायची आणि मला सांगायची, "देख सुम्मी, ये हरा है ना, तो मेरी नसरीन हरी है." माझं नाव सुमन. सुम्मी फक्त खालाच म्हणायची.

तिसऱ्या खेपेला दिवस भरत आले आणि डॉक्टरनं नसरीनआपाला प्रवासाची सक्त मनाई केली. लेक माहेरी येऊ शकत नव्हती, म्हणून आईच सासरी निघाली. ट्रंक, वळकटी, शिवलेली बाळुती, वाळवलेल्या अंबाडीच्या भाजीची पुरचुंडी, सगळं बांधून झालं. हैदराबादकडं जाणाऱ्या काचीगुड्याच्या गाडीत, त्या गर्दीत, बरणी काही नेता येईना. खाला ती पदराखाली झाकून जिना चढून वर आली आणि सरळ माझ्या हातात दिली. आईच्या नाही, माझ्या. मी बारा वर्षांची होते, आणि कप-बशीसुद्धा माझ्या हातात द्यायला आमच्या घरात लोक बिचकत.

"सुन बेटा," ती म्हणाली, "इसकू पानी नको. पंद्रह दिन में एक कटोरी, बस. पैले उंगली मिट्टी में घुसा के देखना. अंदर सूखी लगी तोच देना. दोपहर की धूप नको. ये प्यास से नै मरता, लाड से मरता. समझी?"

"समझी," मी म्हणाले.

"मेरी नसरीन तेरे हाथ में है," म्हणाली, आणि खाली गेली. सहज म्हणाली असेल. मोठी माणसं असं काहीबाही बोलतात आणि गाडीत बसून विसरून जातात. मी मात्र त्या रात्री जेवले नाही. माझ्या हातात एक बाई होती आणि तिच्या पोटात एक बाळ.

परवा माझ्या सुनेनं नर्सरीतून पाच इवल्याशा कुंड्या आणल्या. सक्युलंट म्हणे. प्रत्येकीला पाणी कधी द्यायचं ते तिचा मोबाइल टिंग करून सांगतो. मी म्हटलं, बाई, तुझ्या मोबाइलला माझी आई भेटायला हवी होती.

कारण झालं असं. आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. नळाला ताजं पाणी आलं की घराघरातलं उरलेलं पाणी 'शिळं' व्हायचं. ही खास आमच्या शहराची खोड. एरवी पाणी पाणी करायचं, आणि नळ आला की कालचा भरलेला हंडा ओतून द्यायचा. आई देवगावची, ती कसली ओततेय! शिळं पाणी ती झाडांना द्यायची. तुळस, अबोली, गॅलरीतला कढीलिंब. आणि आता खिडकीतली ही पाहुणी. मी तिला खालाचा निरोप चार वेळा सांगितला. ती मान डोलवायची. "व्हय, व्हय. पन दुसऱ्याचं लेकरू घरात आनायचं आन् त्याला तान्हेलं ठेवायचं? लोक काय म्हनतील? जरासं घालते, ओठ भिजन्यापुरतं." ओठ भिजण्यापुरतं म्हणजे अर्धा तांब्या.

अण्णांचं वेगळंच. जेवण झाल्यावर फुलपात्रात घोटभर पाणी उरलं की ते टाकून देणं त्यांना पटत नसे. खिडकी पाटाच्या बाजूलाच होती. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. रोज सकाळी पान पुसताना मला वाटायचं, आज जरा कोमेजल्यासारखी दिसतेय का? नसरीनआपाला काही होत तर नसेल? मग भीतीनं मीही चूळभर पाणी घालून यायची, कोणाला न सांगता. तिघं जण तीन बाजूंनी प्रेम करत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण थोडंसंच तर घातलंय.

खालाचं पहिलं कार्ड आलं. उर्दूत. मला उर्दूचं अलीफही येत नव्हतं, म्हणून अण्णा संध्याकाळी कोट खुंटीला लावून, पाय धुऊन, चष्मा पुसून ते वाचायला बसले. आई पोळ्या लाटायची थांबली. "बाद सलाम के, यहां सब ख़ैरियत है. नसरीन अच्छी है. सुम्मी से पूछो, घीकवार कैसा है." मी ओरडले, "छान आहे लिहा!" अण्णांनी लिहिलं आणि कार्ड पेटीत टाकून आले.

पंधरा दिवसही झाले नसतील. एका सकाळी पान पुसायला गेले तर फडक्याबरोबर पानच हातात आलं. बुडाशी तपकिरी, पिचपिचीत, आणि वास तर असा की नाकाला पदर. दुसरं ओढलं, तेही आलं. मी घाबरून मधला कोंब धरला, तर मुळांसकट अख्खी कोरफड अलगद वर आली. शिजवून विसरलेल्या भेंडीसारखी मुळं, आणि बरणीत नुसता चिखल. मी एवढ्या मोठ्यानं किंचाळले की आई पीठ माखलेल्या हातानं धावत आली. तिनं पाहिलं आणि पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "पानी कमी पडलं का गं?"

त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. नसरीनआपा मरणार आणि मी तिला मारलं. आई समजूत घालत होती, "आगं येडे, झाडाचा आन् मानसाचा काय संबंध?" पण तीही पुन्हा पुन्हा बरणीत डोकावून बघत होती, कारण घरात दूध उतू गेलं तरी ही बाई दोन दिवस जिवाला घोर लावून घ्यायची. संध्याकाळी अण्णा आले. सगळं ऐकून घेतलं. मी म्हणाले, "अण्णा, आत्ताच्या आत्ता कार्ड लिहा. मी सांगते तसंच लिहा. खाला, मी पाणी घातलं. कोरफड सडली. मला माफ कर. नसरीनआपाला जप."

अण्णांनी कोरं कार्ड पुढं ओढलं. मग म्हणाले, "असंच लिहू?"

"असंच. एक अक्षर बदलू नका."

त्यांनी टाक बुडवला आणि लिहिलं. मी शेजारी बसून प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडं जाताना पाहिली. पत्ता लिहिला, शाईवर वाळू टाकली, फुंकर मारली. मी स्वतः जाऊन ते कार्ड शहागंजच्या पेटीत टाकलं, आणि टाकल्यावर मला एकदम भूक लागली. खरं बोललं की भूक लागते, हा माझा आजवरचा अनुभव आहे. आईनं त्या दिवशी येसराची आमटी केली होती. मी दोन भाकरी चुरून खाल्ल्या आणि मग पुन्हा रडले.

मेलेली कोरफड मी उकिरड्यावर टाकायला निघाले, तर आईनं हात धरला. "झाड असं फेकत नसतेत." तिनं विळी घेतली, सडकी मुळं आणि बुडाची पिचपिचीत पानं खरवडून टाकली, चांगलं दिसेपर्यंत कापत गेली. हातात काय उरलं? मधला कोंब आणि तीन पानं. त्याला सुतळी बांधली आणि आमच्या दाराच्या चौकटीला, लिंबू-मिरच्यांच्या शेजारी, उलटं टांगून दिलं, जशी कोरफड आमच्याकडं घरोघर नजर लागू नये म्हणून टांगतात. "नजरच लागली तिला," आई म्हणाली. "आता घरावरची नजर तरी वढून घील." माती नाही, बरणी नाही, आणि मुख्य म्हणजे तिथं आईचा तांब्या पोचत नव्हता. चौकट उंच होती.

रोज शाळेत जाताना मला त्या प्रेताखालून जावं लागे. मी मान खाली घालून जायची. पानं आक्रसत गेली, लालसर झाली, गुंडाळी झाल्यासारखी वळली. आणि दर आठवड्याला खालाचं कार्ड यायचं. अण्णा कोट काढायचे, पाय धुवायचे, चष्मा पुसायचे. "लडकी हुई. ज़च्चा-बच्चा ख़ैरियत से हैं." आईनं साखर वाटली. मी विचारलं, "आणि माझ्या कार्डाबद्दल? माफ केलं का?" अण्णा म्हणाले, "त्याबद्दल काही नाही लिहिलं." पुढचं कार्ड. "नसरीन अच्छी है, सलाम बोलती." माझ्याबद्दल पुन्हा काही नाही. मी ठरवून टाकलं की खाला माझ्यावर इतकी चिडली आहे की तिला माझं नावही काढायचं नाही. तरी मनात एक चोर आनंद होता. कोरफड मेली आणि नसरीनआपा ठणठणीत! मग दुसऱ्या क्षणी भीती. कोणास ठाऊक, अशा गोष्टींना वेळ लागत असेल.

महिना झाला असेल. आई चौकटीखाली उभी राहून ओरडली, "सुमे, हिकडं ये!" मी गेले. उलट्या टांगलेल्या कोंबाचं टोक वळलं होतं. खाली लोंबायचं सोडून आकडा करून वर, आभाळाकडं निघालं होतं. आणि मधोमध बोटाच्या पेराएवढं नवं पान, हिरवंगार. तिला ना माती होती ना पाणी. मी आईला इतकी गच्च धरली की तिचा श्वास अडकला. "मेलेली नव्हती गं," आई म्हणाली, "दमली व्हती पिऊन पिऊन." मला वाटतं, आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी आईनं पाण्याविरुद्ध शब्द काढला. त्या संध्याकाळी मी अण्णांना नाचत नाचत सांगितलं, "लिहा, नवं पान आलं!" अण्णांनी टाक घेतला. त्यांचे डोळे ओले दिसले. मी म्हटलं, धुरानं असेल.

खाला परतली तेव्हा उन्हं तापायला लागली होती. टांग्यातून आधी ट्रंक उतरली, मग खाला, आणि मग नसरीनआपा, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मी जिन्यावरून पाहिलं आणि मला धक्काच बसला. नसरीनआपा अर्धी झाली होती. गालाची हाडं वर आली होती, केस गळून वेणी उंदराच्या शेपटीएवढी. टांग्यातून उतरताना तिनं दोनदा खालाचा खांदा धरला. पण हसत होती, आणि तिनं वर बघून पहिला प्रश्न विचारला, "सुम्मी, मेरा पौधा?"

मी दाराकडं बोट केलं. सगळे वर आले. खालानं चौकटीकडं पाहिलं, डोळे बारीक केले. "अगे, ये उल्टा कायकू टंगा है?"

आई म्हणाली, "नजर लागू नाय म्हनून."

खाला हसायलाच लागली. पाटावर बसली, आईनं दिलेलं पाणी प्याली आणि अण्णांशी बोलायला लागली. "भाईसाब, क्या बोलूं. सत्ताईस दिन दवाखाने में थी ये. बच्ची हुई और इसका बुख़ार चढ़ा सो उतरताच नै. डॉक्टर लोगां हाथ टेक दिए थे. और हर हफ़्ते तुम्हारा कार्ड आता. पौधा हरा है. पौधा अच्छा है. नया पत्ता निकला. मैं पढ़ के सुनाती, और ये कार्ड तकिए के नीचे रख लेती. बोलती, अम्मी, मेरा घीकवार हरा है, मेरेकू कुछ नै होता."

माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. "पण खाला, मी तर लिहवलं होतं की सडली! मी माफी मागितली होती! आणि तू तर लिहायचीस, नसरीन अच्छी है..."

"मैं?" खाला म्हणाली. "मैं तो हर कार्ड में इसका हाल..." आणि तिनं जीभ चावली.

सगळ्यांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णा खाली बघत धोतराचा सोगा नीट करत होते. 'जेवायला गेली होती, सबब गैरहजर' लिहिणारा हा माणूस! आईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, देव जाणे. नसरीनआपानं बाळ उचललं आणि अण्णांच्या मांडीवर ठेवलं.

ते सगळे खाली गेल्यावर मी अण्णांना जिन्यात गाठलं. मला राग आला होता, आणि राग कशाचा ते कळत नव्हतं. "अण्णा, तुम्ही खोटं लिहिलंत."

"पहिलं खोटं होतं," ते म्हणाले. "आणखी दोन-तीन कचेरीतून लिहिली, तीही खोटी. पुढची तुझ्या आईनं खरी केली."

"आणि मला वाचून दाखवलीत ती?"

अण्णा पायरीवर बसले. "ती सगळी खोटी. सुमे, ती पोरगी गेली असती ना, तर तू म्हातारी होईस्तोवर म्हणत बसली असतीस की मीच तिला मारलं. ते मला नसतं सोसलं." मी त्यांच्या शेजारी बसले, आणि बराच वेळ आम्ही दोघं खालून येणारं बाळाचं रडणं ऐकत होतो. तसं रडणं मला पुन्हा कधी इतकं गोड लागलं नाही.

त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हट्टानं खालाकडं उर्दू शिकायला बसले. पुन्हा कोणी मला काही वाचून दाखवावं, हे मला नको होतं. ती कपडे बेतायच्या खडूनं फरशीवर अक्षरं काढायची आणि मी गिरवायची. पावसाळा संपेपर्यंत अडखळत का होईना, वाचता यायला लागलं. मग एके दुपारी, घरात कोणी नसताना, मी खालाची सगळी कार्डं काढली आणि ज्या कार्डात अण्णांनी मला 'लडकी हुई, ख़ैरियत से हैं' वाचून दाखवलं होतं, ते आधी हातात घेतलं. बोट ठेवून, एक एक अक्षर जुळवत गेले. बुख़ार, दवाखाना, दुआ करो. शेवटची ओळ कोपऱ्यात, जागा नसल्यामुळं बारीक, तिरकी लिहिलेली होती. ती लावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. 'भाईसाब, सुम्मी को ये मत बताना. बच्ची है. अपने सर पे ले लेगी.'